स्वररज्जूंचे मौनव्रत

जोहान्सबर्ग

सकलसद्गुणमंडित मामटोलो,

कंठ वगळता प्रकृती उत्तम आहे. गायन शिकवायला शिकण्याच्या या वर्गात आमच्या शिक्षिका दिकेलेदीबाईंनी माझा स्वर ऐकला आणि वदल्या, "अहो बाबा, गाताय की गुरं हाकताय?" तत्काळ डॉक्टरकडे धाडले. स्वररज्जूवर गाठ आहे. क्षुल्लकच म्हणतात, मात्र महिनाभर संपूर्ण मौन, अन्यथा ईस्टरला आपल्या गायकवृंदास आरंभीचा 'डो', म्हणजे षड्जच, देणारा दुसरा शोधावा लागेल.

मौनामुळे सरावासाठी दिलेल्या विद्यार्थ्यांचा श्वास कुठे अडतो, ते प्रथमच ऐकू येते. निद्रा मात्र येत नाही. माझ्या घोरण्याचीही पट्टी जाणणारी तू. निघताना आवाज घोगरा होता का गं? पोरांना सांगू नकोस.

रविवारी फोन येईल, पलीकडे कोणी बोलणार नाही. तो मीच. घाबरू नकोस, तू गा.

तुझा तूर्त निःशब्द,
मबुलेलो