मामांचा खोकला

मामा,

रेसिडेन्सी संपवून मी दवाखाना काढला तो पेशंट तपासायला, तुमच्या मित्रमंडळींचा अड्डा भरवायला नव्हे! "रिकाम्या दवाखान्यात कोणी पाऊल टाकत नाही," म्हणून तुम्ही रोज चार मित्रांना घेऊन बाहेरच्या खुर्च्या अडवता, आणि आजारी दिसावं म्हणून खोकत बसता. आज एक बाई तापलेलं बाळ घेऊन आली, गर्दी बघून "अगंबाई, एवढे नंबर!" म्हणाली आणि समोरच्या डॉक्टरांकडे गेली. महिन्याभरात आलेला दुसरा पेशंट, तोही गेला!

माझं डोकंच फिरलं. तुम्हा सगळ्यांना घरी पिटाळलं. मित्र हसत उतरले. तुम्ही मात्र जिन्यात दोनदा थांबलात, कठड्याला धरून खोकलात. मी वरून पाहत होते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मग ते नाटक कोणासाठी होतं, मामा?

नऊ वर्षं शिकले, आणि महिनाभर दारातला खोकला मला ओळखता आला नाही. हे पाठवू कोणत्या तोंडाने? पत्र राहू दे. मीच स्टेथोस्कोप घेऊन येते. आणि मामीसमोर "अगं, गंमत करत होतो" म्हणालात, तर याद राखा.

तुमच्यावर भयंकर चिडलेली,
भाची