खटाऱ्यावर नवा ट्रक

दादा,

मी कामावर निघाले, सहापर्यंत येईन. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

"दहा वर्षांचं हे कॉम्प्युटरचं खटारं ट्रकचा नवा गेम काय डोंबल चालवणार?" असं तू म्हणाला होतास ना? चालवतंय! काल दुपारी तू पाय दाखवायला दवाखान्यात गेलास, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या ताईंना मी घरी बोलावलं. त्यांनी डबा उघडला तर पंख्यात मूठभर धूळ! ती काढली, जास्तीची रॅम बसवली आणि गेममधल्या सावल्या बंद केल्या. आधी ट्रक बेडकासारखा उड्या मारायचा, आता लोण्यासारखा चालतोय. फक्त गेममधल्या पावसात मशीन धापा टाकतं, म्हणून कोरड्या हवेतच गाडी काढ.

मालकाला ट्रकची किल्ली परत दिल्यापासून तू खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकतोस. मला कळतं. म्हणून हा उद्योग. रागावू नकोस. यात क्लच, ब्रेक सगळं हातानंच आहे, पायाचं काही काम नाही.

तू यायच्या आधी मी एक फेरी मारून पाहिली. पहिल्याच वळणावर ट्रक आडवा! ताई हसून हसून बेजार झाल्या. तो तसाच ठेवलाय, सरळ कसा करायचा ते तुलाच ठाऊक. पण माल पोचवायची घाई करू नकोस. संध्याकाळी मी येते, शेजारी क्लीनर म्हणून बसेन.

धाकटी