बाबांचे थांबे

९ मार्च

बाबा बागेत पडले. गुडघा सोललाय, कपाळाला टेंगूळ. मी लॅबमधून घरी आले तर खुर्चीत बसून स्वतःच मलम लावत होते — अंदाजाने. निम्मं गुडघ्याला, निम्मं लेंग्याला. कुणीतरी तोडलेली फांदी वाटेत टाकून दिली होती म्हणे. ‘काल नव्हती ती तिथे,’ असं तक्रारीच्या सुरात सांगत होते, जणू फांदीने आधी कळवायला हवं होतं.

आणि ताईला कुणी सांगितलं? मीच! माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. ताई फोनवरच कडाडली. दिसत नाही त्या माणसाला एकटं सोडतेसच कशी, तू सकाळी सहाला लोकांचं रक्त काढायला जातेस ती दुपारी उगवतेस, मधे काही झालं तर कोण आहे? सगळं खरं. शेवटी म्हणाली, ‘पुन्हा असं झालं तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार. मग रडू नकोस.’

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं. जेवताना म्हणाले, ‘तिच्याकडे दारापर्यंत जायचं तरी विचारावं लागतं गं.’ मागे महिनाभर राहिले होते तिच्याकडे, अकराव्या मजल्यावर. परत आले ते पाऊल टाकायलाच घाबरत होते.

१० मार्च

झोप नाही. बाबांचाच विचार.

काचबिंदूने डोळे गेले तेव्हापासून बाबा रोज त्या बागेत एकटे जातात. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली, त्यामुळे बागेतही थांबे केलेत. आमच्या गल्लीच्या टोकाला बागेचं मागचं फाटक — ते करकरतं, तो पहिला थांबा. मग पायाखाली डुगडुगणारी फरशी. मग गळका नळ, त्याचा आवाज उजव्या कानाला. मग झाडाच्या मुळांनी वर उचललेला रस्ता. तिथून डावीकडे वळलं की एक फळी गेलेला बाक. ‘शेवटचा थांबा, उतरून घ्या,’ असं स्वतःलाच सांगून बसतात. इतकी वर्षं कौतुकाने ऐकत आले. आज कौतुक वाटलं नाही. सगळे थांबे म्हणजे मोडकंतोडकं सामान! आंधळा माणूस रोज खड्ड्यांतून चालतोय आणि लेक हसतेय.

बाग दुरुस्त करायची. बस.

१४ मार्च

नगरपालिकेत गेले. साहेब जागेवर नाहीत.

१५ मार्च

साहेब जागेवर. निधी जागेवर नाही. ‘लोकसहभागातून करा, आम्ही सहकार्य करू.’ सहकार्य म्हणजे आडवे येणार नाही, असं मी समजले.

१९ मार्च

पार्किंगमध्ये पहिली सभा. खुर्च्या भरपूर, माणसं मोजकी. पण आली! समोरच्या इमारतीतले कर्नल अध्यक्ष झाले. सैन्यात कधीच नव्हते, विम्यात होते, मिशांवरून कर्नल. त्यांनी अर्धा तास शिस्तीवर भाषण केलं आणि कामं कोण करणार विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि कर्नलही घरचाच!

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, ‘समितीत किती जण?’ म्हटलं, नऊ. ‘मग दळणारं आंधळं कोण आणि पीठ खाणारं कुत्रं कोण ते आधी ठरवून घ्या.’ हसून हसून पुरेवाट झाली.

२३ मार्च

आज बाबांनाच बरोबर घेऊन बागेत फिरले. काय काय मोडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? काठीने दाखवत गेले, मी टिपत गेले. फाटकाच्या बिजागऱ्या, फरशी, मुळं, बाक — एकेका ठिकाणी थांबून, पाय आपटून, अगदी प्रेमाने. नळापाशी जरा घुटमळले. ‘हा राहू दे की. कुणाचं काय खातो?’ म्हटलं, बाबा, पाणी वाया जातंय रात्रंदिवस. ‘हो, ते पण खरंच,’ म्हणाले.

कर्नल खूश झाले. इतकी बारीक पाहणी नगरपालिकेनेही केली नसती म्हणाले. मीही फुगले.

६ एप्रिल

पहिलं श्रमदान. गवत काढलं, बाटल्या उचलल्या, काचा वेचल्या. पाठ धरलीय. बोटांना फोड. लॅबमध्ये उद्या सुई धरायची कशी? पण काय छान वाटतंय! अनोळखी बायका येऊन घमेली उचलत होत्या. एकीने सगळ्यांसाठी सरबत आणलं. या गल्लीत इतकी वर्षं राहून मी एवढ्या लोकांशी कधी बोलले नव्हते.

२० एप्रिल

श्रमदानाला आम्ही चौघं. नव्याचे नऊ दिवस.

२७ एप्रिल

मी आणि कर्नल. कर्नल सावलीत उभे राहून मला झाडू कसा धरायचा ते सांगत होते.

४ मे

देव पावला! चौकात ज्यांचं फरशीचं मोठं दुकान आहे ते पुढे आलेत. संपूर्ण रस्ता, नवे बाक, कारंजं, रंग — सगळा खर्च त्यांचा. मोबदल्यात पुढच्या फाटकावर दुकानाची पाटी. कर्नलांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांत जास्त.

बाबांना सांगितलं. ‘मग आता बंद राहणार का बाग?’ एवढंच विचारलं. म्हटलं, महिनाभर फक्त.

१८ मे

आज मी बोलले आणि माझं कुणी ऐकलं नाही. लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल.

फरशीवाल्यांचं म्हणणं, मागचं फाटक कायमचं बंद करायचं. तिथून कुत्री येतात, पोरं येतात, आणि मुख्य म्हणजे तिथून येणाऱ्यांना त्यांची पाटी दिसत नाही. म्हटलं, आमच्या गल्लीतले म्हातारे तिथूनच जातात. पुढच्या फाटकाला जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. माझे वडील तर — मग अडखळले. वडिलांसाठी बाग करतेस का, असं कुणी म्हणालं नाही, पण सगळे तसंच बघत होते. आणि खोटं काय होतं त्यात?

फरशीवाले हसून म्हणाले, ‘बाबांना गाडीने सोडत जाऊ आम्ही.’ हात वर करून मतदान झालं. माझा एकटीचा हात खाली. कर्नल नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘देणाऱ्याचे हात धरायचे नसतात.’

राजीनामा दिला तर बाग अर्धवट. नाही दिला तर ही अशी.

१९ मे

बाबांना फाटकाचं सांगितलं. म्हणाले, ‘ठीक आहे, रूट बदलला.’ दिवसभर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरतात. दाराच्या चौकटीला दोनदा धडकले. घरातल्या घरात!

८ जून

उद्घाटन झालं. फीत, फोटो, माझ्या हातात फुलं, कर्नलांचं भाषण. खरंच सुंदर झालीय बाग. मोठा आरसा अंथरावा तशी फरशी, कारंजं, रंगीत झोके. मुलं नुसती वेडी झाली होती. सरबतवाली माझा हात धरून रडली. तिच्या सासूला चाकाच्या खुर्चीतून पहिल्यांदा आणलं होतं म्हणे. हे मी केलं! थोडं तरी मी केलं.

मग बाबांना हाताला धरून चालवत नेलं. आणि मला कळलं.

ते पाय उचलून टाकतच नव्हते. घासत होते. इकडे जरा, तिकडे जरा, काहीतरी शोधत. नळ गप्प. डुगडुग नाही. मुळं फरशीखाली गाडलेली. पुढे चालत राहिले, कारंज्याच्या आवाजाकडे तोंड करून थांबले, आणि म्हणाले, ‘सगळीकडे सारखंच लागतंय गं पायाला.’ लगेच हसले. ‘गुळगुळीत. मस्त केलंय.’

मी एकेक थांबा त्यांच्याच तोंडून विचारून घेतला होता, आणि एकेक पुसून टाकला. माझ्यासारखी शहाणी मीच! लोकांसमोर हसत उभी राहिले. हातात फुलं होती ना.

९ जून

सकाळीच फरशीवाल्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, रस्त्याच्या कडेला खडबडीत फरशीची एक पट्टी टाका. काठीला लागेल एवढीच, नुसती एक रेघ. पैसे मी देते. ते अदबीने बोलले. चहा मागवला. डिझाइन बिघडतं म्हणाले, आणि एकासाठी केलं तर उद्या दुसरा येईल. कर्नलांकडे गेले तर ते म्हणाले, आता कुठे शेवट गोड झालाय, कशाला मिठाचा खडा टाकतेस?

नगरपालिकेत साहेब जागेवर होते. ‘बाग तर झाली ना मॅडम?’

१० जून

बाबांसमोर रडले. नको होतं रडायला. आवाज न करता रडले तरी त्यांना कळतं. म्हणाले, ‘अगं वेडे, नवे थांबे पाठ करीन की. रूट बदलला म्हणून कंडक्टर नोकरी सोडतो का?’ मग म्हणाले, ताईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

नाही सांगणार.

१३ जून

बाबा आज एकटे गेले! मी लॅबमध्ये होते, सकाळभर लक्ष सगळं घड्याळाकडे. एका बाईंना दोनदा सुई टोचली, बोलणी खाल्ली. दुपारी धावत घरी आले तर हे आरामात रेडिओ ऐकत बसलेले. रस्ता कुणीतरी ओलांडून दिला म्हणाले. त्यांना उचलून नाचावंसं वाटलं मला. गुडघे बघितले. नीट आहेत.

२१ जून

रोज जातात. पहिला थांबा रखवालदाराची शिट्टी, दुसरा झोक्याच्या कड्या, तिसरा कारंजं. माझी भीती हळूहळू उतरतेय. मी रविवारी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. ‘रविवारी फार गर्दी असते आणि लेकीच्या हाताला धरून चाललो की लोक मला म्हातारा समजतात.’

२ जुलै

बागेवरून रोज कुणीतरी माझ्याशी भांडतं. संध्याकाळी सातला कुलूप लावतात, ते का. गवतावर बसू देत नाहीत, ते का. मुलांना चेंडू नेऊ देत नाहीत. झोपडीतली पोरं आत आली तर रखवालदार हुसकावतो. अहो, मला काय विचारता? मी कोण? फरशीवाले फोन उचलत नाहीत, कर्नल गावाला गेलेत. बैल गेला नि झोपा केला — सभा आता बोलावून काय उपयोग! ज्या बायकांनी घमेली उचलली त्याच मला रस्त्यात अडवून ऐकवतात आणि त्यांचं सगळं बरोबर आहे.

बाबांना तेवढी बाग आवडते. आज म्हणाले, कारंज्याचे तुषार तोंडावर येतात, फार बरं वाटतं.

३ जुलै

रखवालदार सांगत होता, कारंजं आठवड्यापासून बंद आहे. मोटर जळली. बाबांना पाण्याचा पाइप वाटला असेल दुसरा. फुलझाडांना पाणी घालतात तेव्हा उडतंच की.

१२ जुलै

ताईचा फोन. तिला बागेचे फोटो पाठवले होते. पहिल्यांदाच माझं कौतुक केलं, आयुष्यात! ‘बाबांसाठी तू एवढं केलंस, मी उगीच बोलले. राहू देत तुझ्याकडेच.’ बाबा शेजारी होते. त्यांनीही फोन घेतला, बाग कशी आहे ते तिला सांगत सुटले — बाक कसे, फुलांचा वास कसा, लोक कसे विचारपूस करतात. मी नुसती बघत होते. बाकी सगळं मुसळ केरात गेलं तरी चालेल. एवढं एक झालं ना!

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१८ जुलै

लॅबचं मशीन बंद पडलं. दहालाच सोडलं. म्हटलं थेट बागेत जावं, लांबून बाबांना चालताना बघावं. छत्री घ्यायला घराकडे वळले. जिन्याखाली, जिथे पंप आहे आणि जुन्या सायकली टाकल्यात, तिथे पायरीवर बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, काठी मांडीवर. पंप चालू होता. त्याचं पाणी थोडं थोडं बाहेर उडत होतं.

हललेच नाही मी. तरी म्हणाले, ‘लवकर सुटलीस आज?’

विचारलं, कधीपासून बसता इथे. म्हणाले, ‘फीत कापली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. रस्त्यापर्यंत गेलो होतो एकदा, तिथूनच परत फिरलो.’ मग, ‘ताईला नको सांगू.’

आणि जरा सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. बसले.