आखणीच्या खोलीतली हवा

अण्णा,

माझ्या घराइतकी स्वच्छ हवा अख्ख्या रोह्यात कुणाच्या घरात नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. तुम्ही असतात तर दारातच थांबून, नाक वर करून एकदा वास घेतला असतात आणि म्हणाला असतात, "व्हय, आता बसतो." तुमच्या तोंडून एवढं निघालं तरी मला बक्षीस मिळाल्यासारखं. आणि तरीसुद्धा याच घरात, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, तुमच्या पणतीला दम लागला. माझ्या मुलाची मुलगी, आठ वर्षांची. आता ठणठणीत आहे, काळजी करू नका. पण त्या संध्याकाळी तिच्या उशीखाली जे सापडलं, त्यामुळे तुम्हाला सांगायची राहून गेलेली एक गोष्ट आठवली. आठवली म्हणणंही खोटंच, विसरले कधी होते? टाळली होती. आज सांगणार आहे, पण तुमच्याच रीतीने. आधी पाणी शिंपडायचं, धूळ खाली बसू द्यायची, मग कामाला हात घालायचा.

पौष लागला की आमच्या इमारतीमागच्या आंब्यांना मोहोर येतो आणि सकाळचा वारा सुटला की त्याची पिवळट भुकटी गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसते. बोट फिरवलं की दिसते. सुनेला दिसत नव्हती, मी दाखवली. तेव्हापासून शिमग्यापर्यंत या घरात माझं राज्य असतं. सकाळी खिडक्या बंद. संध्याकाळी वारा पडला की तासभर उघडायच्या आणि डास यायच्या आत पुन्हा लावायच्या. केरसुणीला सुट्टी, लादी ओल्या फडक्याने पुसायची. धुणं बाहेर दोरीवर नाही, मधल्या खोलीत पंख्याखाली. चादरी, अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यातून. बाहेरून कुणीही येवो, कंपनीतली शिफ्ट संपवून दमलेला माझा मुलगा का असेना, आधी हातपाय-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मग सोफ्याला टेकायचं. तो कुरकुरतो, "आई, हे घर आहे का ऑपरेशन थिएटर?" मी म्हणते, दोन्ही नाही, आखणीची खोली आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप मुलीच्या दप्तरात एक आणि फ्रिजवर एक असतो. हवा सांभाळली म्हणून औषध सोडायचं नसतं, तेवढी अक्कल आहे मला. शिवाय सुनेने हवा साफ करणारं यंत्र आणलंय. हवा चांगली असली की निळा दिवा, बिघडली की लाल. मी सुकटीला फोडणी दिली, आणि स्वयंपाकघराचं दार चुकून उघडं राहिलं, की ते लाल होऊन घरघरायला लागतं. अगदी तुमच्यासारखं आहे. बोलत काही नाही, नुसतं लाल होतं. त्याची जाळी पंधरा दिवसांनी मीच साफ करते, कारण सुनेला वाटतं यंत्र आणलं म्हणजे काम झालं.

तुमची खोली यांनी कुणी पाहिलेली नाही, त्याला ते तरी काय करतील बिचारे. मी पाहिली आहे. सात वर्षांची मी, तुमचा डबा घेऊन पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात येते. पुढच्या पडवीत सगळा धुरळा. कुणी साच्यातून मूर्ती काढतंय, कुणी घासून गुळगुळीत करतंय, प्लास्टरच्या भुकटीने तरण्या माणसांच्या भुवया पिकलेल्या. आणि सगळ्यात मागे तुमची खोली, जिथे देवाचे डोळे रेखतात. आखणी म्हणतात त्याला. दाराला ओलं गोणपाट. खिडकीला मलमल ताणून बसवलेली, तीही ओली. जमिनीवर पाण्याचा शिडकावा. आत जायचं तर आधी पिंपापाशी हातपाय धुवायचे, डोक्याला फडकं बांधायचं. आत केरसुणी नाही, आणि नवल म्हणजे उदबत्तीसुद्धा नाही. मालकांनी एकदा हौसेने लावली तर तुम्ही चिमटीत धरून विझवलीत. "धूर देवाला नको हाय, शेठ. तुम्हाला हवा तर भायेर लावा." ओल्या वार्निशवर एक कण बसला तरी तो डोळा पुसून पुन्हा काढावा लागे, आणि पुन्हा काढलेला डोळा तुम्हाला कधी पसंत पडत नसे. मी दाराशी शिंकले की तुमचा कुंचला हवेतच थांबायचा. "पुरती शिंकून घे गो बाय, मी थांबलोय." रागवायचा नाहीत.

घरी मात्र मोहोराच्या दिवसांत मी शिंकून शिंकून बेजार व्हायची, आणि शिंका थांबल्या की छातीत सूं सूं सुरू व्हायचं. आम्हा चार भावंडांत एकट्या मलाच हा वाटा आला होता. आईने अडुळशाचा काढा पाजला, मिठाच्या पुरचुंडीने छाती शेकली, नवस बोलून झाले. मग एके दिवशी माझ्याऐवजी ती डबा घेऊन कारखान्यात आली. मी तिच्या पदराला धरून होते. तिने गोणपाट बाजूला सारून खोली नीट बघून घेतली, मलमलीला बोट लावून पाहिलं आणि चार माणसांदेखत तुम्हाला म्हणाली, "मातीच्या डोळ्यांत कुसळ जाऊ नाय म्हणून येवढा खटाटोप! आन पोर घरात सूं सूं करते, तिच्या छातीत काय जातं ते कोण बघणार?" तुम्ही लाल झालात. आणि संध्याकाळी घरी आलात ते काखेत गोणपाट आणि हातात मलमलीचा तुकडा घेऊन. आठवडाभरात आपल्या घराची कोपऱ्यातली खोली आखणीची खोली झाली. तिथे उदबत्ती बंद, चुलीचा धूर येतो ते दार बंद, सकाळी खिडकी बंद. तुम्ही स्वतः कारखान्याच्या विहिरीवर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मगच घरी यायला लागलात. त्या वर्षी मी पौष आणि जवळजवळ सगळा माघ तोंड मिटून श्वास घेत काढला. कुणाचे वडील जत्रेतून बाहुली आणतात. तुम्ही मला हवा आणून दिलीत. तिचं मोल त्या वयात कुठलं कळायला?

कारण मला तो मोहोर आवडायचा. आजही आवडतो. सगळी पोरं आंब्याखाली खेळायची आणि मी ओल्या मलमलीमागे. महाशिवरात्रीला शंकराला मोहोर वाहतात म्हणून आईने तुरे आणून बाहेर ओट्यावर टोपलीखाली झाकून ठेवले होते. घरात आणायला तुमची बंदी होती. त्यातला एक मी फ्रॉकच्या खिशात घातला आणि उशीखाली ठेवला. दुपारी उशीत नाक खुपसून झोपले, वास घेत घेत. दिवेलागणीला छाती अशी आवळली की आईला हाक मारता येईना. तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून डॉक्टरांकडे नेलंत, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मी. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू श्वास आला. डॉक्टरांनी घरातल्या धुळीबद्दल विचारलं आणि तुम्ही गोणपाटापासून सगळं सांगितलंत. ते चकितच झाले. मग त्यांचं लक्ष तुमच्या हातांकडे गेलं. नखांत रंग होता.

"काम काय करता?"

"गणपतीचे डोळे काढतो."

"मग रंग, प्लास्टर तुमच्याच अंगावरून घरात येत असणार."

तुम्ही माझ्या पाठीवरचा हात काढून घेतलात. मी तिथेच बाकावर बसले होते. बोलण्याइतका श्वास आला होता, पण मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुरा मी मागच्या गटारात टाकून दिला.

तुम्ही त्याच दिवशी वळकटी उचललीत आणि कारखान्यात राहायला गेलात. शिमगा होऊन, होळीचा धूर ओसरून गेल्यावरच घरात आलात. पुढच्या वर्षी पौष लागताच पुन्हा गेलात. मी मोहोराला परत हात लावला नव्हता, त्यामुळे मला दम लागला नाही, आणि तुमची खात्रीच पटली की दोष तुमच्या अंगाचा होता. अशी तीन वर्षं. आई डबा पोचवायची, एकटी जेवायची, आणि चार माणसांत बोलून बसले म्हणून स्वतःलाच बोल लावायची. तुम्ही रोज सकाळी कामाला लागण्याआधी यायचात आणि माझ्या बंद खिडकीबाहेर, कडीपत्त्याच्या झाडाजवळ उभे राहायचात. "काय गो बाय, आज दम कसा हाय?" मी आतून म्हणायची, "बरा हाय." "पाढे म्हण बघू." मी पाढे म्हणायची, मध्ये श्वास लागतो का ते तुम्ही ऐकायचात. शेजारचे म्हणायचे, पोरीसाठी बाप घर सोडून राहतो, असा बाप बघितला नाय. मी ऐकायची.

सांगायच्या संधी काही कमी नव्हत्या. लग्न होऊन रोह्याला आले. पुढे शाळेत शिक्षिका झाले, शेकड्याने पोरांच्या थापा पकडल्या, नुसत्या डोळ्यांवरून. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना त्याला घेऊन गाडीने पेणला आले होते. माघ महिना होता. तुमचं काम सुटून तेव्हा दोन वर्षं झाली होती, नखं स्वच्छ होती. मी बाळ तुमच्या मांडीवर ठेवायला वाकले, तर तुम्ही दोन्ही हात पाठीमागे घेतलेत. "नको गो, या दिवसांत नको. माझ्या अंगाला हाय ते. शिमग्यानंतर घेतो." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तुम्ही त्या वर्षीचा शिमगा पाहिला नाहीत.

आता या महाशिवरात्रीचं. मोहोर मीच आणला होता, देवळात न्यायला, आणि नियमाप्रमाणे दाराबाहेर चपलांच्या कपाटावर डब्यात बंद करून ठेवला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघणाऱ्या मला हे आपलं मुसळ दिसलं नाही. संध्याकाळी सून कामावरून आली, आणि लेक धावत आली म्हणून तिला तशीच, बाहेरच्या कपड्यांत, जवळ घेतलं. अर्ध्या तासात मुलीला दम लागला. पंप दिला, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. श्वास सुधारायला लागला. सून मात्र खोलीच्या दारातच उभी राहिली, आत येईना. डोळ्यांतून पाणी, आणि हात पाठीमागे घेतलेले. "आई, माझ्यामुळे झालं. मी कपडे नाही बदलले. मी नको यायला आत." अण्णा, ते पाठीमागचे हात मी ओळखले. आणि ती आठ वर्षांची पोर, अजून श्वास धड बसलेला नाही, पंप मुठीत धरलेला, म्हणाली, "मम्मी, तुझ्यामुळे नाय. उशीखाली बघ. मोहोर मी घेतला. मला वास आवडतो." मी उशी उचलली. रुमालात बांधलेला तुरा होता. मी तो पिशवीत घालून बाहेर टाकला, अभ्रा बदलला, आणि सून आत आली. आली आणि लेकीला कुशीत घेऊन बसली. यंत्राचा दिवा लाल होता तो थोड्या वेळाने निळा झाला. एवढंच होतं ते. एवढ्याने माणूस आत येतं.

त्या पोरीला मी रागावले नाही. पुढच्या वर्षी तिला इमारतीमागच्या झाडापर्यंत, तोंडाला फडकं बांधून, डॉक्टरांना विचारून, मीच घेऊन जाणार आहे. लांबून का होईना, बघू दे. वास आवडणं हा काही गुन्हा नाही. आणि तुम्हाला सांगते, माझ्या घरातली हवा अजूनही रोह्यात सगळ्यात स्वच्छ आहे, फक्त आता मोहोर मी चपलांच्या कपाटावरही ठेवणार नाही, देवळाच्या वाटेवरच घेईन.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. लिहून झालं की तुमच्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवीन. तो अजून आहे माझ्याकडे, विरलाय. वारा पडलाय, खिडकी उघडायची वेळ झाली आहे, पण एक राहिलंच. मार बसेल म्हणून बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते फक्त पहिल्या दिवसापुरतं खरं होतं. तुम्ही घरात असायचात तेव्हा आम्हा चौघांचे असायचात, आणि चौघांशीही फारसं बोलायचा नाहीत. खिडकीबाहेर उभे असायचात तेव्हा माझ्या एकटीचे असायचात. मोहोर मीच ठेवला होता हे सांगितलं असतं, तर तुम्ही आत आला असतात, अण्णा. म्हणून सांगितलं नाही.