एक केबी म्हणजे किती

नाशिक, ११ फेब्रुवारी

प्रिय रुखसार,

तुला फोनच लावणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर मी भलतंच काहीतरी बोलून बसले असते. म्हणून लिहिते आहे. आपण दोघी मराठी शाळेतल्या, घरी काहीही बोललो तरी एकमेकींशी भांडलो ते मराठीतच. तेव्हा हेही मराठीतच वाच.

तू नोकरीवर रुजू झालीस तेव्हा द्वारका चौकातल्या आपल्या अभ्यासिकेत पेढे वाटलेस, असं तिथल्या लताबाई म्हणाल्या. मला बोलावलं नाहीस ते बरं केलंस. पगार सुरू झाल्यापासून तुझ्या अब्बूंचं डायलिसिस एकदाही चुकलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकून मला मनापासून बरं वाटलं आणि लगेच तुझा हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे.

माझं म्हणशील तर अम्मीचे गुडघे गेले, शिलाई मशीन बंद पडलं. मी रोज जीपनं दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. डोक्यावर टोपी, हातात मोजे, घडातले खराब मणी काढायचे आणि अर्ध्या किलोचे डबे भरायचे. बायका मला मॅडम म्हणून चिडवतात. बी.ए. झालेली पोरगी मणी निवडते, याची त्यांना गंमत वाटते. मला नाही वाटत.

आठवतं, आपण नोट्स ठेवायला चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला होता? कॉम्प्युटरला लावला तर एकोणसाठच दिसले. पाच जीबी खाल्ले म्हणून मी दुकानदाराशी भांडायला निघालेच होते. तू मला ओढून बसवलंस आणि दिवसभर त्याच्याच मागे लागलीस. मुलखाची चिवट तू. संध्याकाळी म्हणालीस, कोणी काही खाल्लं नाही, विकणारा हजारानं मोजतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. किलो म्हणजे जगभर हजारच, एक हजार चोवीसचं खरं नाव किबी. किबीबाइट, मेबीबाइट. त्या नावांना आपण इतक्या हसलो की लताबाईंनी बाहेर काढलं.

मग भरतीच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. एक किलोबाइट म्हणजे किती बाइट? पर्यायांत दोन्ही आकडे होते. तू हजारवर खूण केलीस, मी एक हजार चोवीसवर. खरं काय ते मलाही माहीत होतं गं. पण आपल्या पुस्तकांत एक हजार चोवीसच छापलेलं, आणि पेपर काढणाराही तीच पुस्तकं वाचून आला असणार, असं मी धरलं. पहिल्या उत्तरतालिकेत माझंच बरोबर ठरलं. निवड यादीतली शेवटची जागा मला मिळणार होती. अम्मीनं गल्लीत जिलेबी वाटली. तू त्या उत्तरावर हरकत घेणार आहेस, हे मला सांगायला आलीस, तेव्हा मीच म्हणाले, घे, तुझा हक्क आहे. वाटलं, ऐकतंय कोण. अंतिम उत्तरतालिकेत हजार बरोबर झालं. माझे दोन गुण गेले, तुझे दोन वाढले, आणि माझ्या जागी तू बसलीस. तू चोरी केली नाहीस, हे मी रोज स्वतःला सांगते.

गेल्या आठवड्यात त्या एका उत्तरामुळे बाहेर पडलेली आम्ही सगळी एका वकिलाकडे जमलो. कोर्टात जायचं ठरलं. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की, एक किलोबाइट म्हणजे एक हजार चोवीसच बाइट, दुसरं उत्तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. इतरांचं ते खरं असेल. माझ्यापुरतं ते खोटं आहे, आणि ते तुला माहीत आहे. आज सकाळी मी त्यावर सही केली. आम्ही जिंकलो तर तुझी नोकरी जाईल, अब्बूंचं काय होईल तेही मला कळतं, तरी केली. नोटीस येईल, त्यात प्रतिवादी म्हणून तुझं नाव असेल आणि अर्जदारांत माझं. ते तुला पोस्टमनकडून कळू नये, म्हणून हे लिहिलं. माफी मागत नाही. वर तारीख घातली आहे, खाली सही करते आहे. हे तुझ्या वकिलाला दाखवायचं की फाडून टाकायचं, ते तू ठरव. तुझ्या जागी मी असते, तर दाखवलं असतं.

अजूनही तुझीच,
ताहेरा