ओठांत धरलेलं नाणं

३ मार्च
अखेर सामान लागलं! घर छोटं, पण खिडकीत भरपूर उजेड. नाणी साफ करायला आणखी काय हवं? नव्या गावातला पहिला लिलावही आजच साधला. मातीने माखलेल्या रोमन नाण्यांच्या पेटीकडे कुणी ढुंकून बघेना, मी ती कवडीमोलाने उचलली. आता घरातलं भंगार पूर्ण झालं, असं बायको म्हणाली, पण हसून. चिमणी, आमची चार वर्षांची लेक, पेटीभोवती नाचत होती.

५ मार्च
घबाड! भिजवलेलं ढेकूळ लाकडी काडीने हळूहळू खरवडलं, तर आतून चांदीचं नाणं निघालं. सम्राटाचं नाकसुद्धा शाबूत! हात गुंतले की नाणं ओठांत धरायची माझी जुनी खोड. ही ओरडून थकली. आज धरलं तर जिभेला गोड लागलं. चिमणीने लगेच शर्टाचं बटण ओठांत धरून माझी नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो.

८ मार्च
लिलावाच्या म्हाताऱ्या पारख्याला नाणं दाखवलं. नाण्याला चिकटलेला पांढरा कण त्याने भिंगाखाली धरला. म्हणाला, हा दाताचा तुकडा. मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवायचे, पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून. तोंडात नाणं दिसलं की तो त्या माणसाला घेऊन जातो, जिवंत की मेलेला ते विचारत नाही, असंही हसत म्हणाला. मीही हसलो. घरी येऊन किती चुळा भरल्या, गोडवा जात नाही. जीभ जड झाली आहे.

११ मार्च
भर दुपारी फरशीवर ओली पावलं. नळ सगळे बंद. हिने चिमणीला रागे भरलं, पण पावलं मोठ्या माणसाची होती, माझ्या खुर्चीपाशी थांबलेली. मला भीती वाटते आहे.

१२ मार्च
तो दिसत नाही. पाणी ठिबकतं फक्त. माझ्या तोंडाशी वाकतो — तोंड रिकामं, म्हणून जातो. उद्या नाणं पारख्याला देऊन टाकणार. तोवर पेटीत —

१३ मार्च
पेटी उघडी. नाणं नाही.

चिमणी खिडकीत. ओठ घट्ट मिटलेले, गाल गार. तोंड उघड म्हणालो तर मान हलवून हसली — माझ्यासारखी. बोटं घातली, ओठ सुटत नाहीत —

फरशी ओली. पावलं या वेळी माझ्याकडे वळली नाहीत.

ओरडतोय, आवाज फुटत नाही. ही दारात उभी, काय झालं विचारतेय. एका हाताने चिमणीला धरलंय, दुसऱ्याने तुझ्यासाठी लिहितोय — तिचं वजनच लागत नाही गं —

वाच — तिचं तोंड उघड — ते नाणं माझ्या तोंडात दे, मी जा