ठेवणाऱ्यानंच काढायचं

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प एकच, आणि तो खासगी. केस.
आज वर्कशॉपमध्ये फळवाल्या बाई तराजू दुरुस्तीला घेऊन आल्या. लेकीला म्हणाल्या, आजोबांकडे दे. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.
कणभर हसला. कणभर म्हणजे माझा वीस वर्षांपासूनचा सहकारी. कुठलाही काटा तपासला की 'कणभर कमी आहे' म्हणतो. माझ्या डोक्याकडे बघून तेच म्हणाला.

५ जानेवारी, रविवार
दिवसभर वाचन. शरीरात झिंक कमी पडलं की केस गळतात. माझे गळतात, त्या अर्थी माझं झिंक कमी आहे. इतकं सोपं होतं. उगाच वीस वर्षं तेलं चोळत बसलो.
स्वतंत्र फाइल केली. नाव: 'झिंक, घ्यावं की न घ्यावं'.

९ जानेवारी
बाटली आणली. एकशेवीस गोळ्या, एकेक पन्नास मिलिग्रॅमची. औषधवाल्यानं विचारलं, डॉक्टरांनी लिहून दिलंय का? मी म्हटलं, माझा अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, तेच तर, म्हणून विचारतोय. लोकांना अभ्यासाची किंमत नाही.
उद्यापासून सुरुवात.

१० जानेवारी
सुरुवात नाही. नाश्त्याच्या वेळी नवीन माहिती मिळाली. झिंक फार झालं की ते शरीरात तांबं शिरू देत नाही. तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, नसा बिघडतात.
बरं झालं, वाचलं. तीस वर्षं तराजू लावतोय मी. एका पारड्यात टाकायचं तर आधी दुसऱ्याचा विचार करायचा. आपली वजनं पितळेची. पितळ म्हणजे तरी काय, तांबं आणि झिंक. दोघं नीट नांदली तर केवढी चकाकी. म्हणजे आधी तांबं, मग झिंक.

१८ जानेवारी
तांब्याची बाटली आणली. पाण्यात दोन लिंबं पिळली, म्हणजे व्हिटॅमिन सीपण आपोआप मिळेल. भरून ठेवली. उद्या सकाळी अनशापोटी.

१९ जानेवारी, सकाळी ११
उलट्या. तीन.
कणभर म्हणाला, तांब्यात आंबट ठेवू नये हे त्याच्या आजीलाही माहीत होतं. मी म्हटलं, आजींच्या काळी डेटा नव्हता. तो म्हणाला, पण उलट्याही नव्हत्या.
निष्कर्ष: माझ्या शरीरात तांबं भरपूर आहे, आणखी नको म्हणतंय. म्हणजे झिंक घ्यायला हरकत नाही. पण पोट जरा ठीक होऊ दे.

३ फेब्रुवारी
मोठा विचार सुचला. कुठलाही नवा काटा आपण गिऱ्हाइकाला थेट देत नाही. आधी चाचणी घेतो.
खालच्या खोलीत ताई राहते. मेहुणे गेल्यापासून इथेच असते. बासष्ट वर्षांची, तब्येत खणखणीत. दिवसभर पायाचं शिलाई मशीन चालवते, पडदे आणि पडद्यांच्या झालरी शिवते. तिला वर्षातून चार वेळा सर्दी होते आणि सर्दीवरही झिंक चालतं. तिचीही सोय, माझाही प्रयोग. ह्यात स्वार्थ म्हणता येणार नाही.
फक्त पंधरा दिवस. पंधरा दिवसांत तांब्याला काय होतंय?

४ फेब्रुवारी
ताईला बाटली आणि चिठ्ठी दिली. 'सकाळी दोन, संध्याकाळी दोन.' बाटलीवर दिवसाला एकच लिहिलंय, पण तराजूची परीक्षा पूर्ण वजनावरच घ्यायची असते. हलकं वजन टाकलं की दोष दिसत नाहीत.
तिनं विचारलं, तू घेतोस का? मी म्हटलं, हो तर. चांगल्या कामात एवढं चालतं.
पंधरा दिवसांचं तोंडी सांगणार होतो, तेवढ्यात कणभरचा फोन आला. सांगेन.

१९ फेब्रुवारी
आज डोकं फिरलं. औषधवाल्याचा नाजूक काटा तपासायला आला होता. मी पारड्यात वजन ठेवून वही आणायला गेलो, तर औषधवाल्यानंच वजन उचललं. म्हणाला, किती वेळ ठेवायचं? मी त्याला आमच्या वडिलांचा नियम सांगितला: पारड्यात वजन ज्यानं ठेवलं, त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावला की चाचणी बाद. वडील असताना ताई शाळेतून येऊन वजनं पुसायची. पाढे यायच्या आधी तिला हा नियम पाठ होता.
सगळी चाचणी पुन्हा घ्यावी लागली. ह्या गडबडीत आज काहीतरी करायचं होतं ते राहिलं. आठवत नाही.

११ मार्च
फाइलमध्ये रंगीत तक्ता केला. झिंकला निळा, तांब्याला नारिंगी. फार देखणा झाला. कणभरला दाखवला. तो म्हणाला, छान आहे, पण गोळी कुठे आहे? काही माणसांना मूलभूत संशोधन कळत नाही.

२२ एप्रिल
ताईला अजून एकदाही सर्दी नाही. तक्त्यात हिरवी टिकमार्क.
मी लगेच सुरू करणार नाही. उन्हाळ्यात केस तसेही गळतात, निकाल चुकीचा येईल.

३० जून
ताईकडे चहा. ताईची शिस्त बघण्यासारखी आहे. बटणं रंगाप्रमाणे वेगवेगळ्या बाटल्यांत भरून फळीवर मांडली आहेत. पांढरी, काळी, तपकिरी, मोतिया. सगळ्या बाटल्या अगदी एकसारख्या. कुठून जमवते कोण जाणे.
आपणही असं नीटनेटकं राहायचं. उद्यापासून.

१४ ऑगस्ट
ताईचा रंग उजळलाय. चेहरा, ओठ, नखंसुद्धा गोरी दिसतात. तिला म्हटलं तर म्हणाली, जिना चढताना धाप लागते रे बाळ्या. मी म्हटलं, वय आहे. पण त्वचेवर परिणाम दिसतोय खरा. पंधरा दिवसांच्या कोर्सचा एवढा टिकाऊ परिणाम. तक्त्यात नोंद केली.

६ सप्टेंबर
ताईची चप्पल चालताना पायातून निसटते आणि तिला ते कळतच नाही. आज अर्धं अंगण एका चपलेवर आली. आम्ही दोघं खूप हसलो. तिला पट्ट्याच्या चपला आणून दिल्या. पट्टा घट्ट लावून दिला. म्हणाली, घट्ट आहे का? मी म्हटलं, तू सांग. तिनं पायाकडे बघितलं आणि म्हणाली, असेल.

९ ऑक्टोबर
खालून मशीनचा आवाज हल्ली येत नाही. वाचनाला शांतता मिळाली. पायाखाली पॅडल लागत नाही म्हणाली. कापूस ठेवल्यासारखं वाटतं म्हणे. मी मशीनला तेल दिलं.
भिंतीला हात लावून चालते, म्हणून तिच्या बोळातला दिवा बदलला. भाऊ म्हणून जे करायचं ते सगळं करतोय.

१७ नोव्हेंबर
ताई पडली. डोळे मिटून तोंड धूत होती, तेवढ्यात तोल गेला. हाड मोडलेलं नाही. कणभर रिक्षा घेऊन आला. ताईनं दोघांच्या खांद्यावर हात टाकले. पाऊल कुठे पडतंय ते ती सारखी खाली वाकून बघत होती.
डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. घरात कुठल्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या आणायला सांगितल्या.

१८ नोव्हेंबर
ताईची औषधं गोळा करायला खाली गेलो. उशाशी झिंकची बाटली. निम्मी भरलेली. झाकणाला रबरबँड लावून माझी चिठ्ठी.
फळीवरच्या बटणांच्या बाटल्या मोजल्या. नऊ. सगळ्या त्याच.
ताई पडून होती त्या पलंगाच्या कडेवर बसलो. मग तिला विचारलं, इतके महिने कशाला घेतल्यास? मी फक्त पंधरा दिवस म्हणालो होतो. पण म्हणालो नव्हतो. ती कूस बदलून म्हणाली,
"तू कुठे थांब म्हणालास? वजन तू ठेवलं होतंस. ठेवणाऱ्यानंच काढायचं ना?"


२४ नोव्हेंबर
रिपोर्ट. झिंक खूप वर. तांबं जवळजवळ नाहीच. रक्त कमी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या आजपासून बंद, तांबं देऊ. रक्त भरून येईल. पायांचं मात्र सांगता येत नाही. थोडं सुधारेल, कदाचित बरंचसं, कदाचित नाही. मग त्यांनी विचारलं, एवढा डोस कोणी सांगितला?
फाइल माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.
ताई म्हणाली,
"मीच. कुठेतरी वाचलं आणि सुरू केलं. ह्यालाही मीच घ्यायला लावल्या."
डॉक्टरीणबाई तिला चांगलंच बोलल्या. शिकलेल्या दिसता, असं कुठलंही वाचून घेतात का? ताई मान खाली घालून हो हो म्हणत राहिली. मग बाई माझ्या फाइलकडे बघून म्हणाल्या, भाऊ जागरूक दिसतात, आता तुम्हीच लक्ष ठेवा.
मी हो म्हणालो.

२५ नोव्हेंबर
उद्या दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगणार.

२६ नोव्हेंबर
गेलो होतो. गर्दी होती. गर्दीत अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

२९ नोव्हेंबर
आज गर्दी नव्हती. मुलाखत असल्यासारखे कपडे घालून गेलो. बाईंनी विचारलं, ताई कशा आहेत? मी म्हटलं, ठीक. आणखी काही? मी म्हटलं, नाही, एवढंच विचारायला आलो होतो. त्या म्हणाल्या, पण विचारलं तर मी.

३ डिसेंबर
तांबं चालू झालं. वेळेवर गोळी मी देतो. एकच. चिठ्ठी लिहीत नाही, समोर उभा राहून देतो.
ताईला माझी काळजी लागली आहे. सारखं म्हणते, बाळ्या, तूही तेवढ्याच घेतल्यास ना? तुझे पाय बघ. मी म्हटलं, मी मध्येच बंद केल्या. म्हणाली, कधी? मी म्हटलं, आठवत नाही. म्हणाली, मग तुझंही रक्त तपासूया. मी नको म्हटलं. म्हणाली, माझ्या पायाचं हे झालं, तुझं काही झालं तर बघायचं कोणी?
तीस वर्षांत मला कोणी इतकं कोपऱ्यात गाठलं नव्हतं.

५ डिसेंबर
मला घेऊन दवाखान्यात गेली. ती मला घेऊन. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. कंपाउंडरला म्हणाली, ह्याचा हात धरा, हा सुईला घाबरतो. दिलं रक्त.
वर्कशॉपमध्ये कणभरला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. वाटलं, तो म्हणेल, कणभर चुकलास. तो नुसता हातातलं वजन पुसत राहिला.

८ डिसेंबर, संध्याकाळी
रिपोर्ट मी आणणार होतो. ताईनं सकाळीच कणभरला पाठवून मागवून घेतला.
खाली गेलो तेव्हा ती मशीनपाशी बसली होती, चष्मा लावून, कागद हातात. झिंक बरोबर. तांबं बरोबर. दोन्ही अगदी मधोमध. गेलं वर्षभर फाइलमध्ये मी जो समतोल शोधत होतो, तो छापून आला होता. दहा महिने दिवसाला चार गोळ्या खाल्लेल्या माणसाचा असा रिपोर्ट येत नाही, हे तिला आता चांगलंच माहीत आहे.
तिनं दोनदा वाचला. चष्मा काढला. माझ्या डोक्याकडे पाहिलं.
"केस आले नाहीत तेव्हाच मला कळायला हवं होतं," म्हणाली.
केसांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.
कागद नीट घडी करून तिनं बटणांच्या बाटलीखाली ठेवला. म्हणाली, शेजारणीचे पडदे दोन महिने पडून आहेत, इकडे ये, पॅडल मार. मी तिच्या बाजूला स्टूल ओढून पाय ठेवले. ती हातानं कापड सरकवत होती. आधी म्हणाली हळू, मग म्हणाली एकसारखं. मग काही म्हणाली नाही.
ती थांब म्हणेल म्हणून मी मारत राहिलो. कापड केव्हाच संपलं होतं.